हे माझं, हे दादाचं

माझ्या बहिणीच्या ऑफिसातून फोन आला. तिला तिथं बारा वर्षं झाली म्हणून ते एक छोटंसं पुस्तक काढणार आहेत. म्हणाले, "तुम्ही थोरले भाऊ ना? बहिणीबद्दल दोन शब्द लिहून द्या." मी म्हटलं, दोन शब्दांत ती मावायची नाही, जास्त कागद लागतील. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, आणि माझ्या हातची लिफ्ट कधी दोन मजल्यांच्या मध्ये अडकली नाही, कुणालाही विचारा. पण माझं अक्षर चांगलं आहे. त्याच अक्षरानं एकदा मोठा घोळ घातला होता, तो पुढे सांगतोच.

आधी ती काय करते ते सांगतो, कारण आमच्या नातेवाइकांनाही ते धड माहीत नाही. कुणी म्हणतं ती कोर्टात आहे, कुणी म्हणतं दवाखान्यात. एखाद्या डॉक्टरनं किंवा नर्सनं कामात चूक केली अशी तक्रार आली, की तिच्या ऑफिसात, म्हणजे कौन्सिलमध्ये, त्याची सुनावणी होते. समोर तिघांचं मंडळ बसतं, दोन्हीकडचे वकील असतात, आणि साक्षीदारांना बोलावतात. आता साक्षीदार म्हणजे कोण? कुणाची आई, कुणाचा नवरा, वॉर्डातली फरशी पुसणारी बाई. जन्मात कधी माइकपुढे न बसलेली माणसं. अशा माणसाबरोबर सकाळपासून थांबायचं, त्याला आत न्यायचं, त्याची साक्ष होईपर्यंत त्याच्या शेजारी बसायचं, नंतर त्याला बाहेर आणायचं. हे माझ्या बहिणीचं काम. ती काही बोलत नाही, कुणाची बाजू घेत नाही.

लोक मला विचारतात, "म्हणजे नुसती बसते?"

मी म्हणतो, "तुम्ही बसून दाखवा."

ती माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी. घरात तिला सगळे 'पंचनामा' म्हणायचे. कारण सांगतो. ती सहा वर्षांची असताना मी चेंडू मारून शेजाऱ्यांची खिडकी फोडली. मी तिला पढवून ठेवलं, वडिलांनी विचारलं तर मांजर आलं होतं म्हणून सांग. वडिलांनी विचारलं. ही हाताची घडी घालून उभी राहिली आणि म्हणाली, "मी काच फुटल्याचा आवाज ऐकला. मग दादा पळताना दिसला. मांजर दिसलं नाही." मला जे फटके बसले ते अजून आठवतात. रात्री मला हळूच म्हणाली, "दादा, मांजर खरंच असतं तर मी सांगितलं असतं रे." आता अशा पोरीवर रागवायचं तरी कसं?

वडील गेले तेव्हा ती अकराची आणि मी विशीचा. तिला बारावीपर्यंत मी शिकवलं. हे मी सगळ्यांना सांगतो, तुम्हालाही सांगतो. ती म्हणते, "दादा, किती वेळा सांगशील?" मी म्हणतो, जितक्या वेळा लोक ऐकतील तितक्या वेळा.

बारावीनंतर ती एका इस्पितळात मदतनीस म्हणून लागली. म्हाताऱ्या माणसांचा वॉर्ड. चादरी बदलायच्या, जेवण भरवायचं, टेबलं पुसायची, सामानाच्या कपाटाची किल्ली सांभाळायची. त्या वॉर्डच्या हेड नर्सना सगळे हेड मॅडम म्हणायचे. उंच, जरबेच्या बाई, पण माझ्या बहिणीवर त्यांचा फार जीव. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, उठता न येणाऱ्या माणसाला न दुखवता कूस कशी बदलायची, हे सगळं त्यांनीच तिला हाताला धरून शिकवलं. तिला 'पोरी' म्हणायच्या. ही घरी येऊन त्यांच्याच गोष्टी सांगायची. मला तर कधीकधी हेवा वाटायचा, म्हणजे थोरला भाऊ मी, आणि कौतुक सगळं हेड मॅडमचं.

अशी दहा वर्षं गेली. मग ते झालं.

वॉर्डात ब्लडप्रेशर बघायचं एकच मशीन होतं. दंडाला पट्टी बांधून रबरी फुग्यानं हवा भरायची, तसलं. सोमवारी सकाळी तो फुगा फाटला. माझ्या बहिणीनं मशीनला 'बिघडलं आहे' अशी चिठ्ठी बांधली आणि ते कपाटात ठेवलं. नवं मशीन शुक्रवारी आलं. मधे चार दिवस मशीन नाही. पण प्रत्येक पलंगाच्या पायाशी जो तक्ता लटकवलेला असतो, त्यावर चारही दिवस, दिवसातून तीन वेळा, प्रेशरचे आकडे लिहिलेले. अक्षर हेड मॅडमचं.

त्या वॉर्डात एक घड्याळवाले आजोबा होते. घड्याळं दुरुस्त करण्यात सगळा जन्म गेलेला. गुरुवारी दुपारी त्यांना झटका आला. वाचा गेली आणि उजवा हात गेला. ज्या हातानं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या तो हात. तक्त्यावर त्या सकाळचं प्रेशर अगदी छान लिहिलेलं होतं.

आजोबांच्या मुलीनं तक्रार केली. चौकशीला माणसं आली. त्यांनी माझ्या बहिणीला विचारलं, तिनं मशीन कपाटात होतं एवढं सांगितलं आणि सही केली. आणि तिथंच सगळी केस येऊन अडकली. कारण हेड मॅडमचं म्हणणं पडलं की मशीन शेजारच्या वॉर्डातून मागून आणत होतो. शेजारच्या वॉर्डात कुणाला काही आठवत नव्हतं. म्हणजे एका बाजूला तीस वर्षं नोकरी झालेली हेड नर्स, आणि दुसऱ्या बाजूला माझी बहीण. तिच्यावर विश्वास बसला नाही तर आजोबांच्या मुलीला कधीच उत्तर मिळणार नव्हतं. आणि आपल्या मॅडमवर खोटा आळ घेणारी बाई हा शिक्का घेऊन माझ्या बहिणीला त्याच वॉर्डात रोज जावं लागलं असतं.

सुनावणीची तारीख जवळ आली तशी तिची झोप उडाली. जेवता जेवता हात थांबायचा. मी म्हटलं, घाबरतेस कशाला, दादा आहे ना!

आणि दादानं काय केलं? दादा कागद-पेन घेऊन बसला.

तिनं मला जे सांगितलं होतं ते मी लिहून काढलं. वाचून बघितलं तर अगदीच किरकोळ वाटलं. मशीन होतं, चिठ्ठी बांधली, कपाटात ठेवलं. एवढ्यानं कोण विश्वास ठेवणार? लिफ्टचा एक दोर पुरेसा असला तरी आम्ही तीन-चार लावतो, सवयच आहे. तसे मी इथंही लावले. 'बुधवारी सकाळी दहा वाजता हेड मॅडम टेबलाशी बसून एकदम सगळ्या पेशंटचे आकडे लिहीत होत्या, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.' हे माझं. 'मी शेजारच्या वॉर्डात जाऊन विचारलं, त्यांनी मशीन कुणी नेलं नाही असं सांगितलं.' हेही माझंच. शिवाय तिनं सांगितलेल्या दोन गोष्टी मी गाळल्या, एक फालतू वाटली म्हणून आणि दुसरी पलीकडच्या बाजूच्या फायद्याची वाटली म्हणून. चार पानं झाली. मोत्यासारखं अक्षर.

ती म्हणाली, "दादा, हे मी पाहिलेलं नाही."

मी म्हटलं, "झालं तर असंच असणार ना? मग? तू फक्त पाठ कर."

पंधरा दिवस मी तिची तालीम घेतली. वडील गेल्यापासून तिनं माझा शब्द मोडला नव्हता. तिनं पाठ केलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी कौन्सिलमधून एक बाई तिला बोलावून सुनावणीची खोली दाखवणार होत्या. मीही गेलो. चौथा मजला. बाई साठीच्या आसपासच्या, पायात रबरी तळाचे बूट, चष्मा दोरीला अडकवलेला. आम्ही त्यांना सोबतवाल्या बाई म्हणायला लागलो, अजून तेच म्हणतो. त्यांनी रिकामी खोली उघडली आणि माझ्या बहिणीला म्हणाल्या, "बसा." ती साक्षीदाराच्या खुर्चीवर बसायला गेली तर म्हणाल्या, "आधी तिथं," आणि तिला थेट मधल्या, अध्यक्षांच्या खुर्चीत बसवलं. मग वकिलांच्या, मग सगळ्यांच्या. शेवटी तिच्या स्वतःच्या. म्हणाल्या, "आता सगळ्या खुर्च्या तुम्हाला ओळखतात." माझी बहीण पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली. मला मात्र वाटलं, हा कसला पोरखेळ.

दुसऱ्या दिवशी आम्ही साडेनऊलाच हजर. थांबायच्या खोलीत एक सोफा, पाण्याचं मशीन, कुंडीतलं एक झाड. बाई हिच्या शेजारी. मी खिशातून पानं काढली.

"चल, शेवटचं एकदा. 'बुधवारी सकाळी'..."

"'बुधवारी सकाळी दहा वाजता हेड मॅडम टेबलाशी'..."

"दादा," सोबतवाल्या बाई म्हणाल्या, "इथं केसबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

"मी भाऊ आहे तिचा. सख्खा."

"ते दिसतंय, नाक एकच आहे. तरी नाही."

"अहो, तिला मदत नको का?"

"हवी ना. तुम्ही काम काय करता?"

"लिफ्ट. पंचवीस वर्षं," मी म्हटलं. त्या वेळी पंचवीसच झाली होती.

"देवासारखे भेटलात! आमच्या लिफ्टचं दार दोनदा खोटं बंद होतं आणि तिसऱ्यांदा खरं. कुणी दादच देत नाही. तुम्ही जरा कान लावून बघता?"

आता माझ्यासमोर कुणी लिफ्टचं नाव काढल्यावर मी बसून राहणार? गेलो. दाराच्या खालच्या खाचेत कचरा बसला होता आणि एक स्क्रू ढिला होता. रखवालदाराकडून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि वीस मिनिटांत दार लोण्यासारखं केलं. मला त्या खोलीतून कसं अलगद उचलून बाहेर ठेवलं, हे मला त्या वेळी कळलंच नाही.

त्या वीस मिनिटांत आत काय झालं ते बहिणीनं मला नंतर सांगितलं. तिनं बाईंना विचारलं, "एक विचारू का? पाठ केलेलं एखादं वाक्य जर..."

"ताई, मला नका सांगू."

"पण ते..."

"मला सांगितलंत तर मला उठून जावं लागेल. आणि मला तुमच्या शेजारी बसायचंय." मग म्हणाल्या, "मी सगळ्यांना सांगते तेच तुम्हाला सांगते. पाहिलं ते सांगायचं. नाही पाहिलं तर नाही म्हणायचं. 'माहीत नाही' हेही उत्तरच असतं. त्या खोलीत त्याबद्दल कुणी रागावत नाही."

"बाहेर रागावेल," माझी बहीण म्हणाली.

"बाहेरचं बाहेर बघू. तिथं मी आहे."

अकरा वाजता तिला बोलावलं. सुनावणी ऐकायला मागे खुर्च्या असतात, मी तिथं बसलो. पलीकडे हेड मॅडम, मान ताठ. अलीकडे आजोबांची मुलगी, मांडीवर पर्स घट्ट धरून. माझी बहीण साक्षीदाराच्या खुर्चीत, आणि जरा मागे, पण तिला दिसतील अशा, सोबतवाल्या बाई.

नाव, काम, किती वर्षं, हे झालं. मशीनचं झालं. मग कौन्सिलच्या वकिलांनी विचारलं, "ते आकडे कसे लिहिले गेले, याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

"बुधवारी सकाळी दहा वाजता," ती म्हणाली, आणि मी मागे बसून ओठांनी पुढचं म्हणायला लागलो, "हेड मॅडम टेबलाशी बसून..."

थांबली.

मला वाटलं विसरली. तिनं बाजूला सोबतवाल्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, डोळे हलवले नाहीत. फक्त पाण्याचा ग्लास एक बोटभर तिच्याकडे सरकवला. ती पाणी प्यायली.

"हे वाक्य माझं नाही," ती म्हणाली. "दादाचं आहे."

हेड मॅडमच्या वकिलाचे कान टवकारले. "कोण दादा?"

"माझा भाऊ. मागे बसलाय. निळा शर्ट."

सगळी खोली वळली. इतकी माणसं एकदम माझ्याकडे बघतायत असं माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला साक्ष पढवली आहे?"

"हो."

"कशी?"

"लिहून दिली. चार पानं."

"कुठं आहेत ती?"

"त्याच्या शर्टाच्या खिशात."

आता सांगतो, लिफ्टच्या छतावर मी कधी डगमगलो नाही, पण ती पानं काढायला मला खिशात दोनदा हात घालावा लागला. शिपायानं ती नेऊन अध्यक्षांना दिली. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या केसांच्या एक बाई. त्यांनी चारही पानं सावकाश वाचली. वकील म्हणाला, आता या साक्षीला काय अर्थ राहिला? मला वाटलं, संपलं. मी माझ्या हातानं माझ्या बहिणीला खड्ड्यात घातलं.

अध्यक्ष म्हणाल्या, "अर्थ काय राहिला ते त्यांनाच विचारू." पानं आणि एक पेन्सिल माझ्या बहिणीपुढे ठेवली. "ताई, यातलं तुम्ही स्वतः काय पाहिलंत, काय केलंत, तेवढ्यावर खूण करा. मोठ्यानं वाचत करा."

आणि माझ्या बहिणीनं सुरुवात केली.

"'सोमवारी सकाळी मशीनचा फुगा फाटला.' हे माझं. 'मी चिठ्ठी बांधली.' माझं. 'मशीन कपाटात धूळ खात पडलं होतं.' कपाटात होतं ते माझं, धूळ खात ते दादाचं. धूळ नव्हती, कपाट मी रोज पुसते. 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.' हे दादाचं. 'शेजारच्या वॉर्डात जाऊन विचारलं.' दादाचं. मी गेले नव्हते. मी ड्यूटीवर असताना मशीन आणलेलं मला दिसलं नाही. मी नसताना आणलं असेल तर मला माहीत नाही."

सबंध चार पानं तिनं अशी चाळून काढली. धान्यातले खडे वेचावेत तसे. मंडळातल्या एका डॉक्टरांना हसू आवरेना. चार पानांत माझ्या बहिणीची नऊ वाक्यं निघाली. बाकी सगळा मी.

मग अध्यक्षांनी जे विचारलं, ते विचारायला मला या जन्मात सुचलं नसतं. "तुम्ही भावाला सांगितलंत, पण त्यांनी यात लिहिलं नाही, असं काही आहे?"

"दोन गोष्टी," ती म्हणाली. "गुरुवारी सकाळी मी आजोबांचं टेबल पुसत होते. ते म्हणाले, 'हल्ली दंडाला ती पट्टी कुणी आवळत नाही, बरं वाटतं.' मी हसले आणि पुढे गेले. ते कुणाला तरी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ही माझी चूक आहे. दादा म्हणाला, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं कोण धरतं."

आजोबांच्या मुलीनं तोंडावर हात ठेवला.

"आणि दुसरी?"

"त्या चार दिवसांत हेड मॅडम एकट्या दोन वॉर्ड बघत होत्या. दुसरी नर्स आजारी होती. मंगळवारी त्यांनी जेवणाची सुट्टी घेतली नाही. एक आजी जेवत नव्हत्या, त्यांना पाऊण तास बसून भरवत होत्या. हे मी पाहिलंय. हे दादानं लिहिलं नाही, पण हेही माझं आहे."

हेड मॅडमची ती ताठ मान हळूहळू खाली आली. त्यांच्या वकिलानं पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी त्याच्या बाहीला हात लावला आणि उभ्या राहिल्या.

"पट्टी बांधली नव्हती मी," त्या म्हणाल्या. "आधीच्या दिवसाचे आकडे बघून लिहिले. पोरगी खरं सांगतेय."

वकिलानं पेनाला टोपण लावलं.

माझी बहीण बाहेर आली आणि सोबतवाल्या बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून अशी रडली की वडील गेले तेव्हाही तशी रडली नव्हती. मी लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलो. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती. दहा मिनिटांनी बाई हातात चहाचे दोन पेले घेऊन माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता चांगली हजेरी घेणार.

म्हणाल्या, "दार झकास झालंय हो."

मी दाराच्या खाचेकडे बघायला लागलो.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणा भावाचं अक्षर रेकॉर्डला लागलं. अक्षर सुंदर आहे तुमचं."

"बाई, मी तिला बुडवलं असतं."

"असतं," त्या म्हणाल्या. "चहा घ्या. तिनंही घेतलाय."

एवढंच. पुढे एक शब्द नाही. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्यांना मी काय देणं लागतो ते मला मोजता येत नाही, आणि मी मोजायला जातही नाही.

खोटं कशाला सांगू, घरी जाईपर्यंत मी बहिणीशी बोललो नाही. राग तिचा नव्हता, पण बोललोही नाही. घरी आमच्या हिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काच फोडलीत तेव्हाही शिकला नाहीत तुम्ही." बहीण पोट धरून हसली. मग मीही हसलो.

हेड मॅडमना सहा महिने कामावरून दूर ठेवलं, आणि परत आल्यावर वर्षभर दुसऱ्याच्या देखरेखीखाली. नर्सच्या नोंदणीतून नाव कायमचं काढलं नाही. एका नर्सवर दोन वॉर्ड टाकल्याबद्दल इस्पितळालाही खडसावलं. आजोबांची मुलगी निकालानंतर माझ्या बहिणीला म्हणाली, "बाबांचं शेवटचं धड बोलणं तुमच्याशी झालं, आणि ते तुम्ही जपून ठेवलंत. तेवढं तरी आम्हाला मिळालं." वॉर्डात काही जणी महिनाभर हिच्याशी बोलत नव्हत्या. सोबतवाल्या बाई मात्र दर आठवड्याला फोन करायच्या. केसबद्दल नाही, झोप लागते का, एवढंच विचारायच्या.

तीन वर्षांनी त्यांचाच फोन आला. आता मी थकले, म्हणाल्या, माझी खुर्ची रिकामी होतेय, या का? माझी बहीण म्हणाली, "मला कायदा येत नाही." त्या म्हणाल्या, "मला कुठं येतो?"

तेव्हापासून बारा वर्षं. आजवर चारशेहून जास्त साक्षीदारांच्या शेजारी ती बसली आहे. तक्रार करणाऱ्याच्याही आणि ज्याच्यावर तक्रार आहे त्याच्या बाजूनं आलेल्यांच्याही. तिच्या पिशवीत तीन नंबरांचे चष्मे असतात, कारण घाबरलेला माणूस पहिल्यांदा चष्मा विसरतो. मोजे असतात, कारण ती खोली गार असते. मऊ बिस्किटं असतात, कारण कोरड्या तोंडाला कडक बिस्किट उतरत नाही. आदल्या दिवशी ती प्रत्येकाला सगळ्या खुर्च्यांवर बसवते. एकदा एक माळी अध्यक्षांच्या खुर्चीत बसून म्हणाला, "इथून तर सगळे घाबरलेलेच दिसत असतील." तिला ते इतकं आवडलं की ती अजून सगळ्यांना सांगते.

मागच्या वर्षी हेड मॅडमना दुसऱ्या एका केसमध्ये साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. त्यांनी माझ्या बहिणीचीच सोबत मागितली. ओळखीच्या माणसाला सोबत करायची नाही असा नियम आहे, म्हणून दुसरी बाई गेली. पण त्या बाईच्या पिशवीत माझ्या बहिणीनं दोन नंबरचा चष्मा घालून दिला होता. हेड मॅडम विसरणार हे तिला माहीत होतं, आणि त्या विसरल्याच.

त्या इमारतीच्या लिफ्टचं काम आता माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात गेलो तर चौथ्या मजल्यावर एक गडी बाकावर बसला होता आणि बायकोची तालीम घेत होता. हातात घडी घातलेले कागद. "पुन्हा म्हण. 'डॉक्टर आलेच नाहीत'..." बायकोचा चेहरा पांढराफटक. माझी बहीण खोलीच्या दारात आली, म्हणाली, "ताई, आत येता का? खोली गार आहे, मोजे देते." बायको उठली. तो गडीही कागद घेऊन उठायला लागला.

मी त्याच्या शेजारी बसलो. "काय हो, तुम्ही काम काय करता?"

"बेकरी आहे," तो वैतागून म्हणाला. "का?"

"देवासारखे भेटलात! आमच्या घरी पाव दुसऱ्या दिवशी दगड होतो. का होत असेल हो?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ठेवता कशात?"

"प्लॅस्टिकच्या पिशवीत."

"अहो, फ्रिजमध्ये तर नाही ना ठेवत?"

"तिथंच ठेवतो."

"मग होणारच ना दगड!" त्यानं कागद शर्टाच्या खिशात घातले आणि दोन्ही हातांनी मला समजावून सांगायला लागला.

माझ्या बहिणीनं दारातून माझ्याकडे पाहिलं, आणि दार हळूच लावून घेतलं. तो आत बघायला लागला की मी पावाचं काहीतरी विचारायचो. त्याची बायको बाहेर येईपर्यंत पाऊण तास मी तिथंच होतो. नुसता बसून होतो. सोपं नाही हो ते.